डोंगरी ई-सायकल (६) : शॉकअप पुढे, मोटर मागे

फोर्कच्या रिबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क परत उसळण्याच्या वेगाचा, लाल स्क्रू आज फिरवायचा होता. तो राहू दे. डोंबिवली पूर्वेच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी घेतो.

त्यांनी मागच्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे फोर्कला झिप टाय बांधला, पाठीवर सॅक आणि फ्रेमवर बॅटरी ठेवूनच सॅग, म्हणजे आपण बसल्यावर फोर्क किती दबतो ते, मोजला. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २२ मिलिमीटर आला. उत्तम. तरी काटई नाक्याहून खोणी, नेवाळी आणि पुढे मलंगगडाच्या पायथ्याकडे जाताना खडबडीत रस्ता लागला की कंबरेत दणके बसतात. ‘प्रीलोडची (फोर्कची स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी) चकती अजून किती आटे सैल करू?’

एकही नाही. दणका मागून येतोय आणि शॉकअप पुढे आहे.

आपल्याकडे परवडणाऱ्या बहुतेक डोंगरी ई-सायकली, मग ती पुण्याच्या ईमोटोरॅडची टी-रेक्स असो की हिरो लेक्ट्रोची एखादी, हार्डटेल असतात. पुढे फोर्क, मागे सरळ फ्रेम, आणि मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असली की नोंदणी नको, लायसन्स नको. त्या मर्यादेत हब मोटर स्वस्त पडते. पण ती दोन-तीन किलोंचा गोळा नेमका चाकाच्या मध्यात बसवते. मागचं चाक दगडावरून पाच सेंटिमीटर उडालं तर पेडलपाशी बसवलेली मोटर तीनेक सेंटिमीटर उचलली जाते, हबमधली पुरती पाच. तेवढं वजन झटक्यात वर फेकायला लागणारा जोर टायर, रिम आणि तुमचं सीट सोसतं.

मोटर चाकावर ठेवायची की स्प्रिंगांच्या वर, हा वाद रेल्वेतही जुना आहे. कल्याणवरून धडधडत जाणाऱ्या बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या डब्ल्यूएपी-७ इंजिन ओढतं. त्याच्या मोटरींचा काही भार थेट चाकांच्या आसावर असतो. १९९५ साली एबीबीकडून आलेल्या डब्ल्यूएपी-५ मध्ये मोटरी बोगीच्या सांगाड्यावर, म्हणजे स्प्रिंगांच्या वर घेतल्या. ताशी १६० किलोमीटरला रुळांवर हातोडे बसू नयेत म्हणून. मला हे इंजिन फार आवडतं, पण आवरतो.

हार्डटेलला मागे स्प्रिंग एकच, ती म्हणजे टायरमधली हवा. आणि पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावतो तेव्हा टायर दगड होईपर्यंत भरतो. साइडवॉलवर ४० ते ६५ पीएसआय छापलेलं असेल तर ६५! डांबरावर सायकल पळते छान, मुरमावर कंबर मोडते. पंधरा मिनिटं घालवून फोर्कचा सॅग मोजणारे लोक टायरला गेज लावत नाहीत, हे मला कधीच कळलेलं नाही.

स्वतःचा गेज घ्या. सकाळी टायर थंड असताना मोजा. मागे पुढच्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा. मोटरही मागे, तुम्हीही मागे. मग एकाच खडबडीत पट्ट्यावरून पुन्हापुन्हा जा आणि दर फेरीला दोन पीएसआय कमी करा. रिम दगडावर ‘ठक्’ वाजली की तीन वाढवा, तिथेच थांबा. छापलेल्या किमान आकड्याखाली मात्र जाऊ नका. ट्यूब रिम आणि दगडात चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, आणि हब मोटरचं चाक काढणं म्हणजे वायरीचा कनेक्टर सोडवा, १८ नंबरचा पाना शोधा, वॉशर कुठल्या क्रमाने होते ते आठवा. भर उन्हात नेवाळीला हा उद्योग नको.

हवेनंतर सवय. साध्या सायकलवर खडबडीत चढ आला की माणूस आपोआप उभा राहतो. मोटर ढकलत असते म्हणून ई-सायकलवाला बसून राहतो आणि प्रत्येक दगड कण्याला देतो. दोन्ही पेडल आडवी, गुडघे सैल, ढुंगण सीटपासून चार बोटं वर. एवढ्याने निम्मी तक्रार मिटेल. पाठीचं दुखणं आधीपासून असेल तर सस्पेन्शन सीटपोस्ट घ्या; जुन्या पोस्टच्या खालच्या टोकाला २७.२, ३०.४ असा आकडा कोरलेला असतो, तो पाहूनच दुकानात जा.

रिबाउंड पुढच्या रविवारी, नक्की. तोवर टायरवर छापलेले दोन आकडे, स्वतःचं सॅकसकट वजन आणि ‘ठक्’ किती पीएसआयला वाजली, हे मला लिहून पाठवा.