काष्ठफलकांचा व्यापार : इंडोनेशिया आणि मलेशिया

प्लायवूडला इंडोनेशियन भाषेत ‘कायु लापिस’ म्हणतात, तर मलेशियातील मलय भाषेत ‘पापान लापिस’. ‘लापिस’ म्हणजे थर. एका भाषेने त्यास ‘लाकूड’ हा शब्द जोडला, दुसरीने ‘फळी’. या भगिनीभाषांतील नावांप्रमाणेच दोन्ही देशांचा या वस्तूचा व्यापारही मुळात सारखा, पण वाटेने निराळा झालेला आहे. त्याची तुलना कशी करावी, हे प्रस्तुत टिपणात सांगावयाचे आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. लाकडाचे पातळ पापुद्रे, तंतूंची दिशा आळीपाळीने काटकोनात ठेवून चिकटविले म्हणजे प्लायवूड होते. लाकडाचे बारीक तुकडे कृत्रिम राळेने दाबून बसविले की पार्टिकल बोर्ड, आणि तंतूच सुटे करून दाबले की फायबर बोर्ड. १९८८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय जकात-वर्गीकरणात यांचे क्रमांक अनुक्रमे ४४१२, ४४१० व ४४११ असे आहेत.

आता इतिहास पाहू. दोन्ही देश पूर्वी प्रामुख्याने कच्चे ओंडके विकीत, आणि जपान हा त्यांचा मोठा ग्राहक होता. इंडोनेशियाने १९८० पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर क्रमाक्रमाने निर्बंध घातले व १९८५ मध्ये ती पूर्ण बंद केली. परिणामी कारखाने झपाट्याने उभे राहिले आणि उष्णकटिबंधीय प्लायवूडच्या निर्यातीत तो देश अग्रस्थानी आला. तेथे ‘आपकिंडो’ ही उत्पादकांची संघटना निर्यातीचे नियंत्रण करी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी जानेवारी १९९८ मध्ये झालेल्या करारानंतर तिची मक्तेदारी संपुष्टात आली.

मलेशियात असे एकच धोरण शक्य नव्हते, कारण तेथे वने ही घटक राज्यांच्या अधिकारात येतात. द्वीपकल्पातून ओंडके पाठविणे १९८५ मध्ये थांबले. साबाने १९९३ मध्ये बंदी घातली. सारावाकने मात्र काही प्रमाणात निर्यात चालू ठेविली. शिवाय मलेशियाने जुन्या रबरी झाडांचे लाकूड फायबर बोर्डासाठी उपयोगात आणले. त्यामुळे केवळ प्लायवूडचे आकडे पाहणाऱ्यास मलेशियाचा व्यापार अपुराच दिसेल.

तुलनेत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, घनमीटर आणि मूल्य ही मापे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. १९९७ च्या आर्थिक संकटात रुपिया कोसळला. रिंगिट सप्टेंबर १९९८ ते जुलै २००५ या काळात डॉलरला ३.८० या दराने बांधलेला होता. म्हणून स्थानिक चलनातील वाढ ही व्यापाराची वाढ असेलच असे नाही. दोन, निर्यातदार देश बहुधा मालाची बंदरावरील किंमत नोंदवितो, तर आयातदार तीत वाहतूक व विमा मिळवितो. एकाच मालाचे दोन आकडे त्यामुळे जुळत नाहीत. तीन, २००७ च्या सुधारणेपूर्वी फायबर बोर्डाचे पोटभाग घनतेवरून पाडीत; त्यानंतर मध्यम घनतेचा बोर्ड वेगळा काढून त्याचे भाग जाडीवरून केले गेले. येथे वस्तू बदलली नाही, नाव बदलले.

भाषाभ्यासकास हा अनुभव परिचित आहे. शब्दाचा अर्थ मध्येच बदलला, तर त्यावर रचलेले अनुमान ढासळते. या व्यापारात अशा चुकीची किंमत केवळ कागदावरची नसते. आकड्यांतील घट अरण्य संपल्यामुळे झाली की नुसत्या नोंदीच्या बदलामुळे, हे न ओळखता आखलेले धोरण त्या अरण्यावरच येऊन पडते.