छंद आणि श्रद्धा : मराठी ख्रिस्ती कवितेतील हौसेचा प्रश्न

'छंद' या मराठी शब्दाला दोन अर्थ आहेत : पद्यरचनेचे बंधन आणि मनाला लागलेली ओढ. मराठी ख्रिस्ती कवितेचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. ही कविता पुष्कळ अंशी हौशी मंडळींनी लिहिली. त्यामुळेच तिला 'प्रचारकी' ठरवून बाजूला सारणे समीक्षेला सोपे गेले. श्रद्धेने या हौशी लेखकांना नेमके काय दिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घडवलेला साचा. १६१६ साली छापल्या गेलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी ओवी हाच जवळचा मार्ग होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग जवळ केला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त 'माउली' होतो, तो या पुलामुळेच.

तथापि हौसेचा खरा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांपाशी उभा राहतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी लग्नानंतर अक्षरे गिरवली. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. चौसष्ट अध्याय केवळ हौसेने होत नाहीत. आरंभिलेले व्रत तडीस नेण्याची निष्ठा त्यामागे आहे, आणि ती श्रद्धेने पुरवली. मात्र वाङ्मयीन निवाडा करताना भीड धरू नये. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) 'ख्रिस्तायना'हून कितीतरी सरस आहेत. महाकाव्याचा ठरलेला साचा लेखिकेला उचलून धरतो, तसाच जखडूनही ठेवतो. गद्यात त्यांच्या घरातील बोली आणि विनोद मोकळा होतो. (त्यांच्या कवितासंग्रहाचे 'भरली घागर' हे नाव मात्र त्याच घरातले आहे.)

चित्रकलेतही हेच दिसते. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांपाशी शिकले. त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यावर टीका झाली. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून ते रंगवीत राहिले. आज मोबाइलवर चित्रे काढणाऱ्या विद्यार्थ्यापुढे निळ्या डोळ्यांचा तयार येशू बोटाच्या अंतरावर असतो; फोन्सेकांचा प्रश्न त्यालाही चुकलेला नाही.

हा प्रश्न आमच्या भागात अधिक टोकदार होतो. चांद्याला एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशन आले. बल्लारपूरला केंद्र असलेला कॅथलिक धर्मप्रांत १९७७चा. प्रार्थनेची मराठी मात्र बव्हंशी पश्चिमेकडून आलेली, ग्रंथिक. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रार्थनागीतांची वही दाखवली, तीत पेरणाऱ्याचा दृष्टान्त होता आणि शेत गव्हाचे होते. तिच्या घरी धान पिकते. 'तुमच्याकडे बी असे फेकून कशाचे पेरतात?' मी विचारले. 'आवत्या, सर,' ती म्हणाली, आणि हसली. तो शब्द गीतात चालेल असे तिला वाटले नव्हते. आठवड्याने वही परत आली. गहू खोडला होता. बी आता बांधीत पडत होते, काही धुऱ्यावर, काही दगडावर. वृत्त दोन ठिकाणी मोडले होते, आणि वहीतली तेवढीच कविता मला दुसऱ्यांदा वाचावीशी वाटली.