पाठलागाच्या राइडची रचना आणि जाहिरात

व्याख्या

थीम पार्कमधील ज्या राइडमध्ये प्रवाशांच्या गाडीमागे कोणीतरी लागलेले असते, किंवा गाडीच कोणाच्या तरी मागावर असते, तिला पाठलागाची राइड म्हणता येईल. हा यंत्राचा प्रकार नाही, कथानकाचा प्रकार आहे. त्यामुळे यंत्रे निरनिराळी असू शकतात. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘बॅक टू द फ्यूचर’ राइडमध्ये घुमटाकार पडद्यासमोर हलणाऱ्या गाडीत बसून प्रवासी बिफ या खलनायकाच्या मागे लागत. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९९५ पासून सुरू असलेल्या ‘इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचर’मध्ये रबरी चाकांच्या जीपवर प्रचंड दगडी गोळा धावून येतो. ओरलँडोच्या ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’ पार्कमधील ‘जुरासिक वर्ल्ड वेलॉसिकोस्टर’ हा रोलर कोस्टर आहे. २०२१ साली सुरू झालेल्या या राइडमध्ये प्रवाशांमागे रॅप्टर लागतात. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. खऱ्या अर्थाने कोणीही कोणाच्या मागे धावत नाही. पाठलाग करणारा किंवा पळणारा पडद्यावर असतो किंवा जमिनीला पक्का बोल्ट केलेला असतो, आणि रचनाकाराचे निम्मे कौशल्य ही गोष्ट लपवण्यात खर्च होते.

पाठलागच का?

राइड साधारण तीन-चार मिनिटांत संपते. एवढ्या अवधीत पात्रांचा स्वभाव रंगवता येत नाही, संवाद तर चाकांच्या आवाजात बुडूनच जातात. पाठलागाला मात्र स्पष्टीकरण लागत नाही. मागे काही लागले की पळायचे, हे सहा वर्षांच्या मुलालाही कळते आणि परभाषकालाही. शिवाय यंत्राच्या प्रत्येक हिसक्याला कथेत कारण मिळते: वळण का आले, गाडी अचानक का थांबली, दिवे का गेले. उरलेली कथा रांगेत सांगून टाकली जाते. ‘इंडियाना जोन्स’ची रांग एका प्राचीन मंदिराच्या आतून जाते. मारा नावाची देवता संपत्ती, चिरतारुण्य किंवा भविष्याचे दर्शन यांपैकी एक वर देते, पण तिच्या डोळ्यांत पाहणाऱ्याचा सर्वनाश होतो, एवढे रांगेतच समजते. जुन्या बातमीपटाच्या धाटणीची एक फीतही तिथे दाखवली जाते. वेलॉसिकोस्टरच्या रांगेत मुसक्या बांधलेले यांत्रिक रॅप्टर अगदी हाताच्या अंतरावर फुत्कारतात. तासभर उभे राहण्याचा कंटाळा अशा रीतीने कथेच्या कामी लावला जातो. रांग नीट न आखलेली राइड यंत्र म्हणून उत्तम असली तरी पाठलागाची वाटत नाही, असे माझे मत आहे.

आभासाची रचना

दगडी गोळ्याचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. अरुंद बोगद्यात जीप थांबते, समोरून गोळा गडगडत येतो आणि जीप घाबरून मागे सरकू लागल्यासारखे वाटते. वास्तविक जीप मागे जात नाही. बोगद्याच्या भिंती आणि छत पुढे सरकतात. नजरेच्या कडेला दिसणारे सगळेच एका दिशेने सरकू लागले की मेंदू भिंती हलत असल्याचे मानत नाही, स्वतःचे शरीर उलट दिशेने जात असल्याचे मानतो. पाठोपाठ जीप खाली झेप घेते आणि गोळा डोक्यावरून गेल्याचा भास होतो. प्रवाशांना आठवतो तो गोळा. फसवणूक करणारी भिंत कोणाच्याच लक्षात राहत नाही.

त्याच रचनेचा दुसरा उपयोग फ्लोरिडातील डिस्नेच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’मध्ये झाला. १९९८ साली तिथे सुरू झालेल्या राइडचा मार्ग ‘इंडियाना जोन्स’च्या मार्गाशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा होता. इथे दगडी गोळा नव्हता, कार्नोटॉरस हा मांसाहारी डायनोसॉर होता. त्याच्या यांत्रिक आकृत्या आपापल्या जागी उभ्या असत. अंधार, क्षणभर लखलखणारा प्रकाश, डरकाळी आणि त्याच क्षणी गाडीला बसणारा हिसका यांच्या जोरावर निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या भेटी एकाच प्राण्याचा सलग पाठलाग म्हणून जोडल्या जात. दोन प्रसंगांमधली मोकळी जागा अंधार भरून काढतो. म्हणूनच अशा राइडमध्ये प्रकाशयोजना ही सजावट नसते, संकलन असते.

पडदा वापरायचा असेल तर अडचण वेगळी येते. गाडी पुढे सरकली की प्रवाशाचा दृष्टिकोन बदलतो, पण सपाट चित्र बदलत नाही. इमारती वाकड्या दिसू लागतात आणि भ्रम फुटतो. १९९९ साली ‘आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर’मध्ये आलेल्या ‘स्पायडर-मॅन’ राइडमध्ये सरकत्या गाडीच्या जागेनुसार चित्राचा दृश्यकोन सतत बदलत जाईल अशा रीतीने त्रिमितीय चित्रफिती तयार केल्या गेल्या. चित्र आधी वाकडे काढायचे, म्हणजे चालत्या गाडीतून ते सरळ दिसते.

गाडीची हालचाल

‘इंडियाना जोन्स’ची जीप दोन भागांची आहे. खालचा सांगाडा ठरलेल्या मार्गावरून चाकांवर धावतो. वरचा, बारा आसनांचा डबा तीन हायड्रॉलिक दट्ट्यांवर बसवलेला असतो. सांगाडा सपाट फरशीवरून जात असताना डबा मात्र खडकाळ वाटेने गेल्यासारखा डुचमळतो. वेग फारसा नसतो. जवळून जाणाऱ्या भिंती, ठेंगणी छते आणि डब्याचे हेलकावे मिळून तो कितीतरी जास्त भासवतात.

सिम्युलेटरमध्ये तर गाडी खोलीबाहेर जातच नाही. तिथे अंतर्कर्णाच्या एका मर्यादेचा फायदा घेतला जातो. कानातील जी इंद्रिये गुरुत्वाकर्षण ओळखतात, तीच सरळ रेषेतील प्रवेगही ओळखतात. दोहोंतला फरक त्यांना एकट्याने सांगता येत नाही. डबा १५ अंशांनी मागे कलला आणि डोळ्यांसमोरच्या पडद्यावर रस्ता जोरात मागे पडू लागला, की पाठीवर येणारा दाब प्रवेगाचा वाटतो. या कोनात गुरुत्वाकर्षणाचा सुमारे चतुर्थांश भाग प्रवेगाचे सोंग घेतो. नंतर डबा इतक्या हळू मूळ जागी आणायचा की ते कळू नये, कारण पुढच्या हिसक्यासाठी जागा शिल्लक हवी. चित्र आणि हालचाल यांच्यात किंचितही विलंब झाला, तर भ्रम जातो आणि मळमळ उरते.

वेगाचे गणित

वेलॉसिकोस्टरमध्ये वेग खरा आहे. रुळालगतच्या विद्युतचुंबकांच्या रांगेने गाडी ढकलली जाते. दुसऱ्या झेपेत ती २.४ सेकंदांत ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर, इतका वेग गाठते आणि लगेच १५५ फुटांच्या, म्हणजे सुमारे ४७ मीटरच्या, मनोऱ्यावर चढते. हे दोन आकडे वेगळे नाहीत. ११३ किलोमीटर वेगाची वस्तू घर्षण नसते तर जेमतेम ५० मीटर उंच गेली असती. म्हणजे मनोऱ्याची उंची झेपेच्या वेगातूनच ठरली आहे. माथ्यावर गाडी रेंगाळते आणि पलीकडे ८० अंशांच्या उतारावर कोसळते. मागे शिकारी असताना शिखरावर मंदावणे कथेलाही हवेच होते. इथे भौतिकशास्त्राने ते फुकट दिले.

खोपोलीजवळच्या इमॅजिकातील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर महाराष्ट्रातील अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यात गाडी साखळीने हळूहळू वर नेली जाते. ती चढण उत्कंठा वाढवते, पण पाठलागाच्या कथेत बसत नाही. मागे रॅप्टर लागले असताना कोणी कटकट वाजत सावकाश वर जात नाही. म्हणून अशा कथेसाठी चुंबकीय झेप खर्चीक असूनही निवडली जाते.

अंतर आणि क्षमता

पाठलागाच्या राइडचा पहिला नियम असा, की एका गाडीने दुसरीला कधीच गाठता कामा नये. त्यासाठी रेल्वेच्या सिग्नलव्यवस्थेतले तत्त्व वापरतात: मार्गाचे खंड पाडायचे आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी ठेवायची. पुढचा खंड मोकळा नसेल तर मागची गाडी आपोआप थांबते. सगळे खंड एकदम भरले तर कोणालाच हलता येणार नाही, म्हणून गाड्यांची संख्या खंडांपेक्षा निदान एकाने कमी ठेवतात. थांबवण्याची साधनेही अशी निवडतात की वीज गेली तरी ती काम करतील. कायमचुंबकांचे ब्रेक याच कारणासाठी लोकप्रिय आहेत.

याच खंडांवरून अर्थशास्त्र ठरते. समजा, बारा आसनांची एक गाडी दर १८ सेकंदांनी सुटते. तासाला २०० गाड्या, म्हणजे २,४०० प्रवासी. हेच अंतर २४ सेकंदांवर गेले तर आकडा १,८०० वर येतो आणि बाहेरची रांग लांबते. एखादा प्रसंग कितीही सुंदर असला तरी तो खंडाच्या वेळेत बसत नसेल तर कापावाच लागतो. लेखकाचा खरा संपादक हे घड्याळ असते.

सुरक्षिततेची मापे

अमेरिकेत एएसटीएम संस्थेची आणि युरोपात ईएन १३८१४ ही मानके प्रवेगाच्या मर्यादा, आसनबंध आणि तपासणी यांचे नियम घालून देतात. उंचीची अट बहुधा आसनबंधाच्या बांधणीतून येते. वेलॉसिकोस्टरमध्ये केवळ मांडीवरचा दांडा असतो आणि किमान उंची ५१ इंच, म्हणजे सुमारे १३० सेंटिमीटर, लागते. ही अट जाहिरातीवरही परिणाम करते. लहान मुलांना बसता येणार नसेल तर राइड कुटुंबांऐवजी तरुणांपुढे मांडावी लागते.

जाहिरात

चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत लपवता येतो. पोलादाचा ४७ मीटर उंच मनोरा लपवता येत नाही. वेलॉसिकोस्टरची अधिकृत घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली, तेव्हा पार्कमध्ये येणाऱ्यांना त्याचा वळणदार रूळ डोळ्यांदेखत उभा राहताना दिसतच होता. घोषणेआधीची शांतता हीच मग पहिली जाहिरात ठरते: हौशी मंडळी छायाचित्रे काढतात, तर्क लढवतात, आणि कंपनीचा एक पैसा खर्च न होता कुतूहल वाढते. उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. अशा उद्घाटनापूर्वी वार्षिक पासधारकांना चाचणीच्या फेऱ्यांत बसवण्याची पद्धत आहे. त्यात यंत्राची चाचणीही होते आणि तोंडी प्रसिद्धीही.

जाहिरातीतील शब्द नीट वाचावे लागतात. वेलॉसिकोस्टरचा गाजावाजा फ्लोरिडातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत उंच ‘लाँच कोस्टर’ असा झाला. त्याच ओरलँडोत, सीवर्ल्डमध्ये २०१६ पासून असलेला ‘माको’ २०० फूट उंच आहे आणि त्याचा वेग ताशी ७३ मैल आहे. मात्र तो साखळीने चढतो, म्हणून दाव्यात खोटे काही नाही. विशेषण एकच, पण सगळा भार त्याच्यावर. उच्चांकांची ही जाहिरात तशी अल्पायुषी असते. शेजारी नवा मनोरा उभा राहिला की फलक बदलावा लागतो.

‘इंडियाना जोन्स’ने टिकाऊ मार्ग धरला. मंदिराच्या भिंतींवर एका काल्पनिक लिपीत मजकूर कोरलेला आहे, आणि सुरुवातीच्या काळात तो उलगडण्यासाठीची पत्रके पाहुण्यांना वाटली जात. त्यांवर प्रायोजक दूरसंचार कंपनीचे नाव असे. जाहिरात, रांगेतला विरंगुळा आणि कथा अशी तीन कामे एका कागदाने केली. प्रवाशांचे छायाचित्र नेमके सर्वांत भीतिदायक क्षणी टिपणारा कॅमेराही याच जातीचा: पाहुणा पैसे देऊन स्वतःच जाहिरात घरी नेतो.

सर्वांत अवघड निर्णय असतो काय दाखवायचे नाही याचा. पूर्ण फेरीची चित्रफीत आधीच प्रसिद्ध केली तर तिकिटे कदाचित जास्त खपतील, पण दचकण्याचा क्षण शिळा होतो.

मर्यादा

पाठलागात पकडले जाण्याची शक्यता हवी, आणि राइडमध्ये ती कधीच नसते. दुसऱ्या फेरीत प्रवाशाला हे ठाऊक असते. हालचालींत बदल ठेवणे हा त्यावर अर्धा उपाय आहे. ‘इंडियाना जोन्स’च्या जीपचा संगणक त्यासाठीच फेरीगणिक हालचाली आणि आवाज थोडे वेगळे ठेवतो. यांत्रिक आकृत्या बिघडतात, आणि बंद पडलेला डायनोसॉर पाठलागाचा विनोद करून टाकतो. पडद्यावरची चित्रे दशकभरात जुनाट दिसू लागतात, तर सरकती भिंत तीस वर्षांनीही तितकीच फसवते.

चित्रपटाशी बांधलेली राइड त्याच्या लोकप्रियतेशीही बांधलेली असते. ‘अ‍ॅनिमल किंगडम’मधील राइडचे मूळ नाव ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ होते. २००० साली डिस्नेचा ‘डायनोसॉर’ चित्रपट आला तेव्हा राइडलाही तेच नाव देण्यात आले. ओरलँडोतील ‘बॅक टू द फ्यूचर’ राइड २००७ साली बंद झाली. २००८ पासून तिच्या इमारतीत, त्याच घुमटाकार पडद्यांवर, ‘द सिम्पसन्स’ राइड दाखवली जाऊ लागली.