अमेरिकेतील बंदूक-नियंत्रणाचा वाद : एक समाजशास्त्रीय विवेचन

बीजसंज्ञा : सामाजिक तथ्य, राज्यसंस्था, प्रतिष्ठेचे राजकारण, ज्ञानाचे समाजशास्त्र

प्रस्तावना :

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की बंदूक-नियंत्रणाचा वाद पेटतो आणि काही काळाने विझतो. २०१२ साली सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत २० बालके व ६ कर्मचारी मारले गेले. तरीही बंदूक-खरेदीदारांची पार्श्वभूमी अधिक व्यापकपणे तपासण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये सिनेटमध्ये अडला. २०२२ साली युवाल्डी येथील शाळेत १९ बालके व २ शिक्षिका बळी पडल्यानंतर संघराज्याने एक मर्यादित कायदा केला. परंतु मूळ वाद कायमच राहिला. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली अमेरिकी नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजेच दर १०० व्यक्तींमागे सुमारे १२०. हा वाद पुनःपुन्हा त्याच जागी का येतो, याचे उत्तर समाजशास्त्रीय संकल्पनांच्या आधारे शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न :

सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली व्यक्तिगत अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांत भेद केला. गोळीबारानंतरची चर्चा बहुधा हल्लेखोराच्या मनोविकाराभोवती फिरते, म्हणजेच सार्वजनिक प्रश्नाला व्यक्तिगत अडचणीचे रूप दिले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. आत्महत्येसारख्या अत्यंत खाजगी वाटणाऱ्या कृतीचे प्रमाणही समाजरचनेवर अवलंबून असते, हे एमिल दुर्खिम यांनी १८९७ मध्येच दाखवून दिले होते. बंदूक हे आत्महत्येचे अत्यंत घातक साधन असल्याने क्षणिक नैराश्यालाही परतीची वाट उरत नाही. बंदूक बाळगणारे बहुसंख्य लोक स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगतात. धोका बाहेरून येणार, असे त्यांत गृहीत असते; प्रत्यक्षात सर्वाधिक बळी स्वतःच्याच हातून जातात. जाहीर वादात मात्र या मृत्यूंची दखल अभावानेच घेतली जाते.

राज्यसंस्था आणि हिंसेचा अधिकार :

मॅक्स वेबर यांच्या मते, विशिष्ट भूप्रदेशात वैध बलप्रयोगाच्या मक्तेदारीवर यशस्वीपणे दावा सांगणारी संस्था म्हणजे आधुनिक राज्य होय. अमेरिकेत या मक्तेदारीकडे आरंभापासून संशयाने पाहिले गेले. १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुनियंत्रित नागरी सेनेचा आणि शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या हक्काचा एकत्र उल्लेख आहे. हा हक्क नागरी सेनेपुरता की व्यक्तीचा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात व्यक्तीच्या बाजूने कौल दिला. २०२२ च्या ब्रूएन निर्णयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर शस्त्र बाळगण्यासही घटनात्मक संरक्षण दिले.

मात्र हा हक्क व्यवहारात सर्वांना समान रीतीने लाभला नाही. संघर्षवादी दृष्टिकोनातून पाहता, कायदा कोणासाठी सैल व कोणासाठी कडक होतो, हे सत्तासंबंधांवरून ठरते. ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते ओकलंडमध्ये सशस्त्र राहून पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने १९६७ साली भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई करणारा मलफर्ड कायदा केला. त्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन हे रूढिवादी गटाचे नेते होते.

प्रतीक आणि प्रतिष्ठा :

जोसेफ गसफिल्ड यांनी १९६३ साली अमेरिकेतील मद्यपानविरोधी चळवळीचा अन्वयार्थ प्रतिष्ठेच्या राजकारणाच्या आधारे लावला. कायद्याच्या प्रत्यक्ष परिणामाइतकेच, तो कोणाच्या जीवनशैलीला मान्यता देतो, हेही महत्त्वाचे असते, हा त्यांचा मुद्दा येथे लागू पडतो. अनेक ग्रामीण कुटुंबांत बंदूक शिकारीच्या परंपरेने पुढच्या पिढीकडे येते. महानगरातील हिंसाग्रस्त वस्तीत तीच बंदूक भीतीचे चिन्ह ठरते. त्यामुळे नियंत्रणाचा प्रस्ताव पहिल्या गटाला स्वतःच्या जीवनपद्धतीचा अवमान वाटतो, तर दुसऱ्या गटाला त्यास होणारा विरोध आपल्या जिवाची उपेक्षा वाटतो. १८७१ साली नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने १९७७ मधील नेतृत्वबदलानंतर राजकीय भूमिका अधिक आक्रमक केली आणि या अस्मितेला संघटित रूप दिले.

ज्ञाननिर्मितीवरील मर्यादा :

कोणत्या प्रश्नाचे संशोधन व्हावे, हेही समाजातील सत्ता ठरवते. रोगनियंत्रण केंद्रांचा निधी बंदूक-नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरू नये, अशी अट १९९६ च्या डिकी दुरुस्तीने घातली. तिने संशोधनावर थेट बंदी घातली नव्हती. परंतु त्या धास्तीने हे संशोधन दोन दशकांहून अधिक काळ क्षीण झाले. २०१९ च्या अखेरीस या संशोधनासाठी अडीच कोटी डॉलरची स्वतंत्र तरतूद झाली. मधल्या काळात दोन्ही पक्ष अपुऱ्या पुराव्यांनिशी भांडत राहिले.

समारोप :

बंदूक-नियंत्रणाचा वाद वरकरणी एका वस्तूविषयी असला, तरी त्यात राज्याविषयीचा अविश्वास, वांशिक विषमता आणि जीवनशैलीची प्रतिष्ठा हे तिन्ही प्रश्न गुंतलेले आहेत. म्हणूनच केवळ आकडेवारी पुढे ठेवून तो सुटत नाही. तथापि आकडेवारीविना तो सोडवताही येणार नाही. कारण बळींची योग्य गणना झाल्याखेरीज कोणाचे प्राण वाचवायचे आहेत, हेच समाजाला उमगत नाही. शाळेतील गोळीबारात गेलेल्या बालकाइतकाच, बंद खोलीत एकट्याने मेलेला मनुष्यही या वादाचा विषय आहे, याची जाणीव करून देणे हे समाजशास्त्राचे येथील प्रमुख योगदान होय.