अग्निशस्त्राची व्याख्या आणि शिरोलीचा लेथ

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे हा विषय संघसूचीत, तर पोलीस हा राज्यसूचीत आहे. म्हणून अग्निशस्त्र म्हणजे काय हे संसद ठरविते. झडती मात्र राज्याचे पोलीस घेतात. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मधील व्याख्येत अग्निशस्त्राचे सुटे भागच नव्हेत, तर ते बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. शिरोली एमआयडीसीसारख्या ओतकामाच्या व यंत्रकामाच्या वसाहतीत ही व्याप्ती विचारात पाडते. ज्या लेथवर पंपाचा दांडा कातला जातो, त्यावर बंदुकीची नळीही कातता येईल. तेवढ्याने तो लेथ अग्निशस्त्र ठरावा काय? तसे मानल्यास प्रत्येक कारखाना शस्त्रागार होईल. यंत्राच्या क्षमतेपेक्षा त्याचे प्रयोजन पाहणे हेच सयुक्तिक होय. प्रश्न केवळ शाब्दिक नाही: 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना निर्मितीस किमान 7 वर्षे कारावास असून तो जन्मठेपेपर्यंत वाढू शकतो.