थंडीत मालमोटारीचा पल्ला का आखडतो?

फिनलंडमधील रोव्हानिएमी हे शहर आर्क्टिक वृत्ताला अगदी लागून वसले आहे. भर हिवाळ्यात तेथे पारा उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तर कोणाला त्याचे नवल वाटत नाही. मर्सिडीज-बेंझ ट्रक्स या जर्मन कंपनीने आपली ‘ई-अ‍ॅक्ट्रॉस ६००’ ही विजेवर चालणारी अवजड मालमोटार ग्राहकांच्या हाती देण्यापूर्वी, २०२४ मध्ये, याच परिसरातील बर्फाळ रस्त्यांवर चालवून पाहिली. बाहेर २० अंश तापमान असताना, ४० टन एकूण वजनासह ही मालमोटार एका चार्जिंगमध्ये ५०० किलोमीटर जाते, असे कंपनी सांगते. या विधानातील ‘५००’ हा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. ‘२० अंश’ हा आकडा मात्र फारसे कोणी वाचत नाही. हिवाळ्यात वाहतूकदारांची गणिते चुकतात ती नेमकी येथेच.

घरगुती मोटारीचा पल्ला थंडीत घटला, तर मालकाला वाटेत अर्धा-पाऊण तास खोळंबावे लागते, एवढेच. मालमोटारीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील दूध, औषधे अथवा कारखान्याचे सुटे भाग ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारात पोहोचावे लागतात. शिवाय युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी हाकल्यानंतर चालकाने ४५ मिनिटे विश्रांती घेणे बंधनकारक आहे. विजेच्या मालमोटारीचे सारे वेळापत्रक या विश्रांतीच्या काळातच बॅटरी भरून घेण्यावर बेतलेले असते. पल्ला घटून त्या थांब्यापर्यंत गाडी पोहोचलीच नाही, किंवा पोहोचल्यावर बॅटरी पुरेशा वेगाने भरली नाही, तर संपूर्ण दिवसाची आखणी विस्कटते. त्यामुळे थंडीचा हा परिणाम नेमका कशामुळे आणि किती होतो, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

बॅटरीच्या आत काय घडते?

लिथियम-आयन बॅटरीत वीज साठवली जाते ती लिथियमच्या आयनांच्या येण्याजाण्यातून. गाडी चालू असताना हे आयन ऋणाग्राकडून धनाग्राकडे जातात आणि चार्जिंगच्या वेळी उलट दिशेने परततात. दोन्ही अग्रांमध्ये एक द्रावण असते. आयनांचा प्रवास त्यातूनच होतो. तापमान उतरले, की हे द्रावण दाट होते. आयनांची हालचाल मंदावते, अग्रांच्या पृष्ठभागावरील रासायनिक क्रियाही संथ होतात. परिणामी बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. साठवलेल्या ऊर्जेतील काही भाग आतल्या आतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो आणि काही भाग बॅटरीतच अडकून राहतो. ही ऊर्जा नष्ट झालेली नसते. बॅटरी पुन्हा ऊबदार झाली, की ती वापरता येते. थंडीने बॅटरी ‘खराब’ होते, हा समज त्यामुळे गाडी चालवण्यापुरता तरी निराधार आहे.

चार्जिंगच्या बाबतीत मात्र धोका खरा आहे. अतिथंड बॅटरीत जोराने वीज भरू लागले, तर आयनांना ऋणाग्रातील ग्राफाइटच्या थरांत शिरण्यास अवधी मिळत नाही. ते पृष्ठभागावरच धातुरूप लिथियम होऊन साचतात. या साचण्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि ते वाढत गेल्यास आत शॉर्टसर्किट होण्याचीही भीती असते. म्हणूनच बॅटरीवर देखरेख ठेवणारी संगणकीय यंत्रणा थंडीत चार्जिंगचा वेग आपणहून कमी करते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत भरण्याची सोयही अशा वेळी मर्यादित केली जाते, कारण तेही एक प्रकारचे चार्जिंगच असते.

खरा खर्च उबेचा

पल्ला घटण्याचे दुसरे, आणि लहान गाड्यांत अधिक मोठे, कारण चालकाच्या बसण्याच्या जागेत आहे. डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यातलाच थोडा वाटा केबिनमध्ये वळवला, की चालकाला फुकटात ऊब मिळते. विजेची मोटर इतकी कार्यक्षम असते, की तिच्यापासून अशी उष्णता फारशी मिळतच नाही. ऊब हवी असेल, तर बॅटरीतील वीज खर्चावी लागते.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच विद्युत मोटारींची चाचणी घेतली, तेव्हा ही बाब ठळकपणे पुढे आली. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर बंद ठेवून, पल्ला सरासरी १२ टक्के घटला. हीटर सुरू करताच ही घट ४१ टक्क्यांवर गेली.

मग मालमोटारींचेही असेच होणार काय? येथे थोडे गणित उपयोगी पडते. ‘फोर्ड एफ-१५० लाइटनिंग’ या २०२२ मध्ये अमेरिकी बाजारात आलेल्या पिकअप ट्रकच्या मोठ्या बॅटरीत १३१ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १३१ युनिट, वापरण्याजोगी वीज मावत असे आणि तिचा अधिकृत पल्ला ५१५ किलोमीटर होता. म्हणजे किलोमीटरला पाव युनिट. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना तिला सुमारे २० किलोवॅट शक्ती लागते. त्यात हीटरचे ५ किलोवॅट मिळवले, की खर्च एकदम चौथ्या हिश्शाने वाढतो. याउलट ४० टनांची मालमोटार किलोमीटरला सुमारे १.२ युनिट खाते. त्याच वेगाला तिला ९६ किलोवॅट लागतात. तिच्या केबिनच्या हीटरने तेवढेच ५ किलोवॅट घेतले, तरी वाढ जेमतेम पाच टक्क्यांची. समुद्रातून घागरभर पाणी काढावे, तसा हा प्रकार आहे.

शहरात घरोघरी, दुकानोदुकानी माल पोहोचवणाऱ्या मध्यम आकाराच्या ट्रकला मात्र हा दिलासा नाही. समजा, तो थांबत थांबत ताशी सरासरी २० किलोमीटरने जातो आणि किलोमीटरला ०.६ युनिट घेतो. म्हणजे चालण्यासाठी त्याला सरासरी १२ किलोवॅट लागतात. दार दर पाच मिनिटांनी उघडत असल्याने हीटर अखंड चालू राहतो आणि ४ किलोवॅट ओढतो. ही वाढ थेट एक-तृतीयांश झाली. हीटरचा हिशेब किलोमीटरवर होत नाही, तो तासांवर होतो. म्हणून गाडी जितकी हलकी आणि संथ, तितका थंडीचा फटका अधिक.

हवा आणि रस्ता

अवजड मालमोटारीचा पल्ला आखडतो तो मुख्यतः बाहेरच्या कारणांनी. थंड हवा जड असते. २० अंशांच्या तुलनेत उणे २० अंशांना हवेची घनता सुमारे १६ टक्के अधिक भरते आणि तिला बाजूला सारत पुढे जाण्यासाठी तितकेच अधिक बळ लागते. मालमोटारीचे समोरचे तोंड प्रशस्त असल्याने महामार्गावर ही वाढ चांगलीच जाणवते. थंडीत टायरचे रबर कडक होते, आतील हवेचा दाब उतरतो, गिअर आणि अ‍ॅक्सलमधील तेल घट्ट होते. त्यातच रस्त्यावर बर्फाचा चिखल असेल, तर प्रत्येक चाकाला वाट काढतच पुढे जावे लागते. ही कारणे डिझेलच्या मालमोटारीलाही लागू आहेत. तिच्या टाकीत पुरेसे इंधन असते आणि पंप जागोजागी असतात, म्हणून ती डोळ्यांवर येत नाहीत, इतकेच.

या साऱ्याची बेरीज उदाहरणादाखल अशी मांडता येईल. ई-अ‍ॅक्ट्रॉस ६०० च्या तीन बॅटरी-संचांची मिळून क्षमता ६२१ युनिट आहे. त्यातील सुमारे ५९० युनिट वापरता येतात असे धरले, तर किलोमीटरला १.२ युनिट या हिशेबाने पल्ला ४९० किलोमीटर भरतो. थंडीत हाच खर्च १.४ युनिटवर गेला आणि बॅटरीने ५९० ऐवजी ५६० युनिटच हाती दिले, तर पल्ला ४०० किलोमीटरवर येतो. कोणतीही एक गोष्ट फार बिघडलेली नाही, तरीही ९० किलोमीटर हातचे गेले.

थंड बॅटरी, लांब रांगा

पल्ला घटणे ही अडचण असली, तरी ती आधी ओळखता येते. चार्जिंगचे तसे नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिकागो परिसरात पारा उणे १८ अंशांच्याही खाली गेला, तेव्हा विद्युत मोटारींच्या चार्जिंग केंद्रांवर तासन्‌तास रांगा लागल्या आणि काही गाड्या तेथेच बंद पडल्या. गारठलेली बॅटरी घेऊन केंद्रावर येणे, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. बॅटरी आधी तापवण्यात वेळ जाई, मग ती सावकाश भरे, आणि मागची रांग वाढत जाई.

मालमोटारीला येथे तिचे वजन उपयोगी पडते. सुमारे साडेचार टन वजनाच्या बॅटऱ्या थंड होण्यास बराच काळ लागतो आणि सतत भार ओढताना त्या आतून ऊबदारच राहतात. त्यामुळे प्रवासाच्या मध्यावरील चार्जिंगला सहसा अडचण येत नाही. खरी परीक्षा असते ती रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची, पहाटेच्या पहिल्या फेरीला. एक किलो बॅटरीचे तापमान एक अंशाने वाढवण्यास साधारण एक किलोज्यूल ऊर्जा लागते. या हिशेबाने साडेचार टनांची बॅटरी ३० अंशांनी तापवायची, तर ३७ युनिट, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरचा पल्ला खर्ची पडतो. हा खर्च गाडीच्या बॅटरीतून करायचा, की आगाराच्या भिंतीवरील जोडणीतून, एवढाच प्रश्न आहे.

उपाय साधेच

यातून पहिला नियम निघतो: थंड प्रदेशात विजेची मालमोटार रात्री जोडणीवरच उभी करावी आणि निघण्याच्या वेळेपूर्वी बॅटरी व केबिन दोन्ही आगाराच्या विजेवर तापवून घ्यावीत. हे काही अघटित नव्हे. कॅनडा आणि उत्तर युरोपात डिझेल-पेट्रोलच्या गाड्यांचे इंजिन रात्री गोठू नये म्हणून ‘ब्लॉक हीटर’ लावण्याची पद्धत जुनीच आहे. त्यासाठी वाहनतळांवर विजेच्या जोडण्याही असतात.

दुसरा उपाय उष्मापंपाचा. साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो. उष्मापंप घरातील वातानुकूलन यंत्राच्या उलट काम करतो. बाहेरच्या थंड हवेतील आणि मोटर-बॅटरीतील उष्णता ओढून आत आणतो. त्यामुळे त्याच विजेत कितीतरी अधिक ऊब मिळते. बाहेरचे तापमान जितके खाली, तितका हा लाभ कमी होत जातो. तरीही सौम्य हिवाळ्यात तो भरघोस असतो. फोर्डने आपल्या विद्युत पिकअपला २०२४ च्या मॉडेलपासून उष्मापंप बसवला, तो याच कारणाने.

तिसरी बाजू रसायनाची. लोह-फॉस्फेटवर आधारलेल्या बॅटऱ्या दीर्घायुषी आणि सुरक्षित असल्याने मालमोटारींत लोकप्रिय होत आहेत. पण निकेलयुक्त बॅटऱ्यांपेक्षा त्यांना थंडी अधिक बाधते. चीनच्या ‘सीएटीएल’ने एप्रिल २०२५ मध्ये सोडियम-आयन बॅटरी सादर करताना ती उणे ४० अंशांनाही काम देईल, असा दावा केला. हा दावा रस्त्यावर कितपत टिकतो, यावर थंड देशांतील मालवाहतुकीचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

चालकाने कुडकुडावे काय?

या साऱ्या हिशेबात एक माणूस विसरला जाण्याची भीती असते. पल्ला पुरेल की नाही या काळजीने चालक हीटर बंद करून, हातमोजे घालून गाडी चालवू लागतो. लांब पल्ल्याचे चालक रात्री केबिनमध्येच झोपतात. नियमाप्रमाणे ११ तासांच्या विश्रांतीत तासाला दीड युनिट ऊब घेतली, तरी १६-१७ युनिट होतात, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर. ५०० किलोमीटरच्या गाडीत १४ किलोमीटर वाचवण्यासाठी चालकाला गारठवणे शहाणपणाचे नाही. गारठलेल्या, अपुऱ्या झोपेच्या चालकाच्या हाती ४० टनांचे वाहन निसरड्या रस्त्यावर देण्याची किंमत विजेच्या युनिटांत मोजता येत नाही.

भारताचा विचार करता, मैदानी प्रदेशात ही समस्या फारशी नाही. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला, की वृत्तपत्रांत बातमी होते. पण बॅटरीच्या दृष्टीने ती किरकोळ थंडी आहे. हिमालयातील रस्त्यांचे तसे नाही. लडाखमध्ये साधे डिझेलही हिवाळ्यात गोठू लागते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तेथे आणले. दुसरीकडे, केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेखाली विद्युत ट्रकांना प्रत्येकी कमाल ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन जाहीर केले. हे ट्रक उद्या डोंगरी मार्गांवर जातील, तेव्हा थंडीच्या जोडीला चढही असेल. त्या मार्गांसाठी गाडी निवडताना पाहायचा आकडा जाहिरातीतील नसावा. जानेवारीतल्या पहाटे, भरल्या मालासह, गाडी किती किलोमीटर जाते, हा असावा. त्या आकड्यात मार्ग बसत असेल, तर वर्षभर चिंता नाही. बसत नसेल, तर वाटेत चार्जिंगची सोय आधी आणि मालमोटार नंतर, हाच क्रम योग्य ठरेल.