आबिड्स : दुकानदाराचे नाव धारण करणारी पेठ

हैदराबादेतील अनेक पेठांस नवाबांची, अमीर-उमरावांची अथवा बेगमांची नावे आहेत. आबिड्स या गजबजलेल्या पेठेस मात्र एका दुकानदाराचे नाव लाभले आहे. व्यापारी बंधूंस ही गोष्ट विशेष अगत्याची वाटेल, म्हणून या परिसराचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

सहावे निजाम मीर महबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) यांच्या खासगी सेवेत आल्बर्ट आबिद नावाचे आर्मेनियन गृहस्थ होते. त्यांनी येथे दुकान थाटले. दुकानाचे नाव रस्त्यास पडले, रस्त्याचे साऱ्या वस्तीस. ते दुकान आज राहिलेले नाही. नाव मात्र प्रत्येकाच्या तोंडी आहे.

पेठेनजीक, फतेह मैदानाच्या बाजूस, ‘तोप का सांचा’ आहे. निजामांच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ याने तोफा ओतण्याचा हा कारखाना उभारला. ओतकाम केव्हाच थांबले. आता काही भिंतीच तेवढ्या उरल्या आहेत. गनफाउंड्री हे त्या भागाचे नाव त्यावरूनच पडले. जवळच १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज आहे.

दुसऱ्या अंगास मोअज्जम जाही मार्केट लागते. सातव्या निजामांच्या द्वितीय पुत्राचे नाव दिलेली ही दगडी मंडई १९३५ सालची. तिच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. फळांचा मोठा व्यापार पूर्वी येथे चाले. मध्यंतरी तिला अवकळा आली होती. तथापि २०२० साली तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. पुढे कोठीच्या बाजूस १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आहे. उर्दू ही राजभाषा असलेल्या त्या राज्यात केशवराव कोरटकर प्रभृतींनी मराठी मुलांच्या शिक्षणाची सोय तिच्याद्वारे केली.

या सर्वांवरून एक बोध घेण्यासारखा आहे. तोफांच्या कारखान्यातील काम थांबले आणि त्याचे भग्नावशेष झाले; मंडईत दुकाने चालू राहिली आणि तिचे दिवस पालटले. जुन्या वास्तूस जिवंत ठेवणारी गोष्ट म्हणजे तेथील नित्याचा व्यवहार होय. मात्र व्यवहारच वास्तूच्या मुळावर येऊ शकतो, हेही विसरून चालणार नाही. जुन्या कमानीवर नवी पाटी ठोकण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढीच आमची सर्व सभासद बंधूंस विनंती आहे. माल विकला जातो, दुकाने हस्तांतरित होतात. आपल्यामागे पेठ कशी राहिली, यावरून पुढील पिढ्या आपले मोल ठरवतील.